बेटावरच्या गढीत काय आंबायलंय

या, अशा पुढं सरकून बसा. तिकडं भिंतीला टेकून फोनात डोकं घातलेल्यांनाच म्हणते मी. परवा तुमच्यातल्याच एकीनं मला कुठल्याशा लांबच्या देशातल्या किल्ल्याचा फोटो दाखवला. भोवताली तळं, मधोमध बुरूज. वर म्हणते कशी, "आजी, आपल्याकडं असलं काहीच नाही." काहीच नाही? जिंतूरच्या स्टँडवर तुम्ही कितींदा उतरलात, चहा प्यालात आणि पुन्हा गाडीत चढलात! तिथून थोडं आत गेलं की येलदरी धरणाच्या पाण्यात चार बुरुजांची गढी उभी आहे, हे तुम्हाला ठाऊक नसावं? पायाला चाकं आणि डोळ्याला झापडं, असं झालंय तुमचं. मी जाऊन आलेय. ऐका आता, आणि मधेच "मग पुढं?" करू नका. पुढचं मी सांगणारच आहे.

पण खरं ते सांगते. मी काही गढी बघायला गेले नव्हते. मी गेले होते संशय घेऊन.

माझी धाकटी बहीण सिंधू चिंचोलीत दिलेली. धरण झालं तेव्हा जुनी चिंचोली पाण्याखाली गेली आणि नवी वर माळावर बसली. जुन्या गावाच्या टेकडावर गढी होती. टेकडाचं बेट झालं, गढी तिथंच राहिली. आता तिच्या दुरुस्तीचं काम निघालंय आणि सिंधूचा मुलगा मिलिंद तिथं कामाला लागलाय. हा मिलिंद पूर्वी प्यायचा. लय प्यायचा. त्याची बायको सुजाता लेकराला घेऊन माहेरी, पोखर्णीला जाऊन बसली होती. त्यानं सोडल्यावर मीच पोखर्णीला गेले आणि तिच्या आईबापासमोर बसून म्हणले, "पोरानं सोडलीय. माझ्या शब्दावर पाठवा." त्यांनी पाठवली.

आणि दिवाळीनंतर सिंधूचा फोन. "आक्का, गढीवर हातभट्टी लागलीय. मिलिंद आता घरीबी येत न्हाई, तिथंच राहायलाय. सुजाता म्हनते, येत्या रविवारी जाते, आन आता कुनाच्या शब्दावर परत येत न्हाई."

कुणाच्या म्हणजे माझ्या. मी पिशवी भरली.

जिंतूर, आणि तिथून पुढं

एसटीचा प्रवास सांगत नाही. खिडकी बंद होत नव्हती, एवढं पुरे. जिंतूरला उतरले तर समोर भज्यांच्या गाड्यापाशी इंदूबाई उभी. ही चिंचोलीच्या बायांच्या दारूबंदी कमिटीची पुढारी. वय माझ्याएवढंच, आवाज माझ्या दुप्पट. आठवड्याच्या बाजाराला आली होती. मला बघितलं आणि तळलेल्या मिरचीचा देठ फेकत म्हणाली, "जयभीम आक्का. तुमी येनार म्हनल्यावर मी जीप थांबवून ठेवलीय. चला, वाटेत सांगते. इथं भिंतीला कान हायेत."

भिंत कुठंच नव्हती. पण बसले मी जीपमधे.

वाटेत दोन्ही बाजूंना तूर फुलावर आलेली आणि कापूस वेचायला बसलेल्या बाया. इंदूबाईचं लक्ष तिकडं नव्हतं. ती माझ्या कानाशी लागून बोलत होती.

"नावेतून काय जातंय, ते मी डोळ्यानं बघितलंय. गुळाच्या ढेपी. बाभळीची साल. वरून निळे ड्रम, झाकनाचे. आता तुमीच सांगा, गढी दुरुस्त करायला गूळ कामून लागतो? तिथं काय लग्नाची पंगत हाय?"

"वाळू-सिमेंट नाही गेलं?"

"वाळू गेली. सिमेंटाची एक गोनी न्हाई गेली! म्हनून तर शक आला. सिमेंट न्हाई आन म्हने बांधकाम."

गूळ आणि बाभळीची साल ड्रमात घालून आंबत ठेवली की पुढं काय होतं, हे आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला पुस्तक न वाचता माहीत असतं.

"विचारलं नाही का तिथं कुणाला?"

"इचारलं की! तो गफूर मिस्त्री हाय ना, बिदरकडचा, चुन्याचं काम करतो. मी नुसतं ड्रमाचं झाकन उचलाय गेले, तर अंगावर आला. म्हनतो, नुस्खा आहे, दाखवत नसतो. आता भल्या मानसाला झाकनाची भीती असती का? माझ्या नाकाला लायसन हाय आक्का. वास म्या वळखला."

संध्याकाळी सिंधूच्या दारात बसले तेव्हा तो वास मलाही आला. धरणावरून वारा सुटला की यायचा. आंबट, गोडसर, नाकात चिकटून बसणारा. खोटं कशाला बोलू, मलाही तो गुळाच्या दारूचाच वाटला.

जेवायला धरणातली मरळ होती. आमच्या परभणीला माशाला नुसतं वाटण लावतात. इथं रश्शात येसर घालतात, भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ. मी नाक मुरडलं आणि मग दोन वाट्या ओरपल्या. भाकरी सुजाता थापत होती. ती पोरगी मुळातच कमी बोलणारी. माझ्या ताटात भाकरी टाकताना एवढंच म्हणाली, "मावशी, तुमच्या शब्दावर आले व्हते. आता उद्या तुमीच जाऊन बघा, आन तुमीच सांगा. पितो म्हनलात तर मी जाते. पीत न्हाई म्हनलात तर..."

"तर राहशील ना?"

"तर तुमाला कसं कळलं ते सांगा."

सिंधू लगेच मधे पडली. "कसं म्हंजे? पूर्वी मी तोंडाचा वास घेऊनच घरात घ्यायचे की त्याला! दारात उभं करून म्हनायचे, हा कर. रोज. सोडल्यावरबी सोडलं न्हाई मी. म्हनून तर सांगते, मागच्या महिन्यात वास यायला लागला. तोच वास. गुळाचा, आंबलेला. डोळे लाल. इचारलं तर म्हने चुन्यानं झालेत. मग येनंच बंद केलं."

सगळं जुळत होतं. इतकं जुळत होतं की मला तेच खटकायला पाहिजे होतं. पण खटकलं नाही.

बेट

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावर गेलो. मी, इंदूबाई आणि कमिटीच्या आणखी दोघी. नाव दत्ता भोयाची. इंदूबाईच्या कमरेला खुरपं खोचलेलं बघून तो म्हणाला, "खुरपं कशाला माय? गढीत निंदायचंय का?"

"नाव हाक मुकाट्यानं."

"हाकतो. पन नावेच्या बुडाला लावू नका. मला पोहाय येतंय, तुमचं तुमी बघा."

पाणी काचेसारखं होतं. दत्ता वल्ह्यानं खाली दाखवत होता, इथं पाटलाचा वाडा, इथं विहार, इथं आमची आळी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती वर येतात म्हणे, आणि म्हातारी माणसं येऊन आपापल्या जोत्यावर बसून जातात. बाकीच्या दोघी पाण्यात वाकून बघायला लागल्या. मी मात्र गढीकडं बघत होते. लांबून ती तुटक्या दातांसारखी दिसते. जवळ जावं तशी उंच होत जाते. खाली काळा दगड, दोन पुरुष उंचीपर्यंत, त्याच्यावर पातळ विटा, आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीची भिंत, पावसानं ओघळून मऊ झालेली.

उतरताना माझी एक चप्पल गाळात गेली ती गेलीच. पुढचं सगळं मी एका चपलेवर पाहिलं.

मिलिंद काठावर आला. अंगभर पांढरी धूळ, डोळे लाल. एरवी हा पोरगा मला बघून धावत येतो. आज चार हात लांब उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, तुमी कामून आलात?" तेही तोंड फिरवून, पाण्याकडं बघत.

इंदूबाईनं मला कोपर मारलं. दिसलं मला. तोंड फिरवून बोलणारा माणूस काय लपवतो, हे मी चिक्कार पाहिलंय.

"गढी बघायला आलो," मी म्हणले. "दाखव की. तुझं काम दाखव."

मग त्यानं दाखवलं, आणि आता तुम्ही नीट ऐका, कारण ही गढी सांगण्यासारखी आहे. तिचा दरवाजा समोरून दिसतच नाही. बुरुजाच्या आड वळून बसलाय. आत शिरलात की थेट भिंत. डावीकडं वळायचं, अंधारी बोळ, दुसरा दरवाजा. बोळाच्या दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांचे ओटे, वर कमानी. आणि भिंतीत तिरपी भोकं. आत उभं राहणाऱ्याला बाहेरचा दिसतो, बाहेरच्याला भोकाशिवाय काही दिसत नाही. दुसऱ्या दरवाजाच्या डोक्यावर एक चौकोनी खिडकी, खाली उघडणारी. वरून तेल ओतायला का पाणी ओतायला, देव जाणे. मला वाटलं, ज्यानं ही बांधली त्याला सख्ख्या भावाचा भरवसा नसावा. येणाऱ्या प्रत्येकाला आधी अडवायचं, वळवायचं, भोकातून न्याहाळायचं, मग आत घ्यायचं.

मिलिंद सांगत होता. पुढं चालत, मागं न बघता. "ही देवडीची कमान पडली व्हती. मागं कुनीतरी सिमेंट लावून गेलं व्हतं. सिमेंटनं ओल कोंडली, आन आतल्या जुन्या विटा कुजल्या. ते सगळं काढलं. आता चुन्यात बांधायलोय. आठवड्याला इंजिनिअर बाई येती, मापं घेती, पुढचं सांगून जाती." कमानीखाली लाकडाचा गोल साचा लावलेला होता आणि दोन्ही बाजूंनी विटा वर चढत आल्या होत्या, मधे हातभर जागा उरलेली. आमचं लक्ष नाही हे माहीत असूनही तो पोरगा त्या विटांवर हात फिरवत बोलत होता. ते मी पाहिलं, पण मनात धरलं नाही. मी त्याचे हात थरथरतात का, ते बघत होते.

आणि मागं वळून बघते तर इंदूबाई नाही.

"आक्का!" आवाज पश्चिमेच्या बुरुजामागून आला. "घावलं!"

गेलो पळत. बुरुजाच्या सावलीत पोत्यांनी झाकलेले ड्रम ओळीनं उभे. इंदूबाईनं एकाचं झाकण काढलं होतं. वर तपकिरी फेस, आतून बुडबुडे, आणि वास असा की डोळ्याला पाणी. मी काही बोलायच्या आत तिनं कमरेचं खुरपं काढलं आणि ड्रमाच्या पोटात खुपसलं. पुन्हा एकदा. पिचकारी उडाली ती थेट आम्हा चौघींच्या लुगड्यांवर.

"या अल्ला! नक्को! नक्को अम्मा!" गफूर मिस्त्री हातातली थापी टाकून धावत आला. दाढी पांढरी, अंगात बनियन, आणि भोक बुजवायला त्यानं आपला तळहातच लावला. "मिलिंद! घमेली आन! घमेली!"

मिलिंदनं घमेली आणली, बादल्या आणल्या. सांडतंय ते दोघं धरायला लागले. इंदूबाई कमरेवर हात ठेवून उभी. "धरा, धरा. पोलिसाला दाखवाय कामाला येईल."

"पोलिसाला? अवो, हे चुन्याचं पानी हाय!" गफूर ओरडला. "गूळ, बाभूळ, बेलफळ, हिरडा! मुरवून चुन्यात घालतात. त्यानं चुना दगडासारखा होतो. माझ्या वालिदचा नुस्खा आहे हा!"

"मग झाकून कामून ठेवला?"

"तुमच्यासारख्या लोकांसाठीच!" मग जरा खाली आवाजात, "आन दुसरे मिस्त्री चोरतात. बिदरपासून इथपर्यंत असा चुना कुनाचा न्हाई. कुनाचाच न्हाई. इचारा जाऊन."

इंदूबाई कुणाच्या सांगण्यावर ऐकणारी नाही. तिनं बोट बुडवलं आणि चाखलं. बायांनो, तिचं तोंड पिशवीची नाडी ओढल्यासारखं आवळलं. हिरडा तुम्ही कधी कच्चा चघळलाय का? "थू! थू! हे पिनाऱ्याची जीभ खारीक होईल!" तरी गडीण हटली नाही. म्हणाली, एकात हिरडा घातला असेल दाखवायला, दुसऱ्यात नसेल. आणि एकेक ड्रम उघडून चाखत गेली. मलाही चाखायला लावलं. सगळे तसलेच. भट्टी शोधली, नळी शोधली, राख शोधली. राख सापडली ती गफूरच्या चुलीची. तिच्यावर खिचडी होती आणि बाजूला चिंचेचा खट्टा. आधी भोक, मग चव. आमच्या कमिटीची रीत उलटीच.

"झालं समाधान?" गफूर म्हणाला. "आता हे उघड्या घमेल्यातलं पानी उद्यापत्तूर टिकत न्हाई. आजच्या आज चुन्यात मळावं लागतंय. गडी तर सगळे काल बाजाराला गेले ते अजून आले न्हाईत. कोन मळनार? तुमची कमिटी?"

त्यानं टोमणा मारला होता. पण इंदूबाई उसनं ठेवणारी बाई नाही. तिनं पदर खोचला. "कुठं हाय तुमचा चुना?"

तर असं झालं की गढी बघायला आलेल्या आम्ही चौघीजणी दुपार उतरेपर्यंत चुना कुटत होतो. हौदासारख्या खड्ड्यात विझवलेला चुना, त्यात वाळू आणि विटेची भुकटी, वरून ते पाणी ओतायचं आणि लाकडी मोगऱ्यानं, जाड दांडक्यानं, धोपटायचं. आधी चिकट, मग लोण्यासारखा. गफूर वर उभा राहून सांगत होता, अजून मार, अजून. चुना उडून माझ्या पायाच्या अंगठ्याला लागला, तो अजून सोलतोय, हा बघा. मधे त्यानं खिचडी आणि खट्टा वाढला. आमच्यात खिचडी म्हणजे आजाऱ्याचं खाणं. त्याच्याकडं ती सकाळची न्याहारी असते म्हणे, आणि खट्टा म्हणजे चिंच-तिळाचं आंबट सार. इंदूबाईनं दोनदा मागून घेतला आणि तरी म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

जेवणानंतर मिलिंद आणि मी मोगरा घेऊन समोरासमोर होतो. मी म्हणले, "इथं दारू नाही, हे कळलं मला. पण म्हणून तू पीत नाहीस, असं होत नाही. तू घरी का जात नाहीस?"

धोपटता धोपटताच तो बोलला.

"मावशी, तुमाला काय सांगू? न्हाई पीत म्हनलं, तर पिनारा तेच म्हनतो. मी पूर्वी तेच म्हनायचो. आई दारात हा कर म्हनायची, तवा मी करायचो. माझंच पाप व्हतं, म्हनलं करू दे. मग हे काम लागलं आन अंगाला ह्यो वास लागला. साबन लावला, वाळूनं घासलं, जात न्हाई. आई म्हने, आला तोच वास. सुजाता काई म्हनायची न्हाई, नुसती बघायची. तेबी सोसलं." मोगरा थांबला. "मग एक दिवस यशू दारात आली. पाच वर्साची पोरगी. पळत आली, मला वाटलं गळ्यात पडती. तर समोर उभी राहिली, नाक वर करून. म्हनली, बाबा, हा करा."

मी मोगरा खाली ठेवला.

"तिला वाटतंय घरात घ्यायची रीतच हाय ती. त्या दिसापासून मी गेलो न्हाई."

आणि ह्या न जाण्याचंच गावानं काय केलं, ते मी सिंधूच्या तोंडून ऐकून आले होते. तरी सांगते, त्याक्षणीसुद्धा माझ्या मनात आलंच, की खरं बोलतोय का हा? पिणारे गोष्टी चांगल्या सांगतात. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. डोळे लाल होते. माझेही लाल झाले होते, चुन्यानं. नाही प्यालेल्या दारूचा पुरावा माणसानं कुठून आणायचा, सांगा बरं मला?

"आज माझ्याबरोबर घरी चल," एवढंच मी म्हणले.

नवी चिंचोली

दत्तानं आम्हाला नावेत घेताना नाक दाबलं. आम्हाला काही कळेना. दिवसभर त्यातच होतो ना. ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी पोचलो तेव्हा कळलं. तिथं चार-सहा जण बसलेले. आम्ही पुढून गेलो आणि सगळ्यांची नाकं एकदम आमच्याकडं फिरली.

"कमिटीची मीटिंग गढीवर व्हती वाटतं," एकजण म्हणाला.

"जोरात झालेली दिसती."

"आक्का तर परभनीहून आल्यात खास. झोकांड्या बघा कशा खायल्यात!"

झोकांड्या मी एका चपलेमुळं खात होते, आणि दिवसभर वाकून कंबर धरली होती म्हणून. मी वळून म्हणले, "प्यालेली नाही मी!" आणि माझंच मला ऐकू आलं. किती खोटं वाटतं हो ते, मोठ्यानं म्हटलं की! मी आयुष्यात थेंबाला शिवले नाही, आणि माझ्याच आवाजावर माझा विश्वास बसेना. इंदूबाई तर पेटलीच. "ये, हुंग! चुना हाय ह्यो, चुना! ये तुझ्या मायला घेऊन हुंगाय!" ती जेवढी ओरडली तेवढे ते हसले. मिलिंद आमच्या मागं होता. त्याला हसू फुटलं नाही. तो खाली बघून चालत होता, सवयीच्या माणसासारखा.

घराच्या दारात सिंधू उभी. मला बघितलं, पुढं आली, थांबली. नाकपुड्या हलल्या. "आक्का? तू?"

आणि तिच्या मागून यशू आली. तिनं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पुढं होते, म्हणून माझ्यापासून सुरुवात केली. नाक वर करून म्हणाली, "आजी, हा करा."

सगळं घर बघत होतं. मी वाकले, कंबर कण्हत, आणि त्या लेकराच्या तोंडासमोर हा केलं. काय सांगू तुम्हाला, साठी उलटलेली बाई मी, पण अंगावरचं वस्त्र ओढल्यासारखं झालं. यशूनं निवाडा दिला, "आजीलाबी वास येतोय," आणि आता बापाकडं वळली.

"यशू. बास." सुजाता चुलीपासून उठून आली होती. तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि मला विचारलं, "सांगा मावशी. काय कळलं?"

दिवसभर मी मनात उत्तर जुळवत आले होते. चांगलं, ठासून सांगायचं उत्तर. ते मी बाजूला ठेवलं.

"गढीवर दारू नाही," मी म्हणले. "ते माझ्या जिभेनं बघितलं. वास चुन्याच्या पाण्याचा आहे, तो तुला माझ्या अंगावर येतोयच. पण हा पितो का नाही, ते मला कळलं नाही. एका दिवसात कळत नसतं. तुला मी माझ्या शब्दावर आणलं होतं. तो शब्द मी परत घेते सुजाता. त्याच्यावर विसंबून राहू नकोस. जायचं तर जा, मी पोखर्णीपर्यंत सोडायला येते."

सिंधूनं कपाळावर हात मारला. "आक्का, अगं काय बोलायलीस!"

सुजाता मात्र पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत होती. "हे बरं केलंत," ती म्हणाली. "तुमचा शब्द मधे व्हता, तवर मला त्याला काई इचारताच येत न्हवतं. मावशीनं सांगितलंय म्हनायचं आन गप बसायचं." मग नवऱ्याकडं वळली. "तिथं चुना कुटाय बाया लागतेत का?"

मिलिंदला कळेना. "लागतेत. गफूरचाचा रोज म्हनतो."

"मग उद्या मी येते."

"विश्वास बसला का तुझा?" मी विचारलं.

"न्हाई मावशी. पन दारात उभं राहून हुंगन्यापरीस तिथं जाऊन बघितलेलं बरं." आणि सासूला म्हणाली, "आत्या, पानी तापवा. दोघांची अंघोळ व्हायचीय, मग जेवायचंय."

मी आणखी दोन दिवस राहिले. सुजाता दोन्ही दिवस सकाळच्या नावेनं गेली. रविवार आला आणि गेला. पोखर्णीला जायची पिशवी कुणी भरली नाही.

आता अधूनमधून तिचा फोन येतो. देवडीची कमान मिटली, मधली हातभर जागा भरली. साचा काढताना गफूर मिस्त्री खाली उभा राहिला, म्हणाला, पडली तर माझ्यावर पडू दे. पडली नाही. नुस्खा त्यानं अजून कुणाला सांगितला नाही, पण सुजाता म्हणते, मला डोळ्यानं कळलाय, उडीदबी असतो त्यात. आणि मिलिंद? मी विचारते. ती म्हणते, "बघायलेय मावशी. अजून बघायलेय." संध्याकाळच्या नावेनं दोघं बरोबर घरी येतात, दोघांच्या अंगाला तोच आंबूस वास. त्यामुळं सिंधूची पंचाईत झालीय. दारात उभं राहून हुंगायचं तरी कुणाला?

तेव्हा तुम्ही या. फोटो बघत बसू नका. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेटापर्यंत चिखल होतो आणि नावेची मजा जाते, म्हणून त्याच्या आधी या. जिंतूरला उतरून मला फोन करा, मीच घेऊन जाते. मरळ येसरातली खाऊ, गढीची तिरपी भोकं दाखवते, आणि दत्ताला सांगून ठेवलंय, खुरपं कुणाजवळ नसेल म्हणून. या बरं का. लवकर या.